इंजिन बसवताना

डिझेलने भरलेल्या जुन्या परातीतून तिने तो बोल्ट दोन बोटांत धरून वर काढला, तेव्हा त्याच्या आट्यांतून निघालेला काळा ओघळ थेट मनगटापर्यंत आला – आणि तो पुसायचं सोडून शुभांगी नुसती बघत राहिली. जुन्या टूथब्रशने घासलं की आतून चकचकीत लोखंड निघतं. इतकी वर्षं चिखल, ऑइल, गंज... आणि आत अजून तसंच. हे सगळे बोल्ट बसले की गाडी सुरू होणार, गाडी सुरू झाली की – तिने पुढचा बोल्ट उचलला.

अंगणात जीप उभी होती. बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं. तीन लोखंडी पाइपांची तिपाई, तिला साखळीची पुली, आणि पुलीला लोंबणारं इंजिन. भंगारात निघालेल्या दुसऱ्या एका जीपचं ते इंजिन तिच्या नवऱ्याने, प्रशिकने, साताऱ्याहून आणलं होतं. पडवीत ठेवून, उघडून, पुसून पुन्हा जोडलं होतं. सकाळी त्याचा मित्र कुंडलिक आला, दोघांनी ते वर चढवलं आणि कुंडलिक भोंगवलीला लग्नाला निघून गेला. जाताना म्हणाला, "आता काय, वहिनी हायत की साखळी धरायला."

वहिनी आहेतच.

गेल्या वर्षी वेल्ह्याच्या रस्त्यावर प्रवाशांनी भरलेल्या याच जीपचं, प्रशिकच्या वडापचं, इंजिन जाम झालं आणि त्याच सुमाराला सासूबाई, भामाबाई, उंबऱ्यात पडल्या. मांडीचं हाड. घरात सतत कुणीतरी हवं होतं, आणि गाडीच बंद म्हटल्यावर प्रशिक घरी होताच. मग शुभांगी – लग्नाआधी बी. ए. झालेली आणि लग्नानंतर उंबऱ्याआत राहिलेली शुभांगी – भोरला चष्म्याच्या दुकानात जाऊ लागली. तात्पुरती. हा शब्द सगळ्यांनी वापरला होता, तिनेही.

तिथे तिला एक स्टूल आहे. समोरच्या माणसाच्या नाकावर जड फ्रेम ठेवायची, एकेक भिंग बदलायचं, विचारायचं – आता दिसतं का? परवा डोंगरातल्या एका म्हातारीने अक्षरं वाचायची सोडून स्वतःचा तळहात डोळ्यांसमोर धरला आणि किती वेळ बघत बसली... आणि येता-जाता एसटी, खिडकी, धरणाचं पाणी. त्या वेळात मी कुणाची सून नसते, कुणाची बायको नसते. मांडीवर डबा आणि तिकीट असलेली कुणीतरी असते. एवढंच. एवढंच तर आहे.

"गाडी सुरू झाली की तुजी दगदग संपली बघ पोरी," पडवीतल्या खाटेवरून भामाबाई म्हणाल्या. "लई वढ झाली तुजी. आता घरी निवांत ऱ्हा."

मायेने म्हणाल्या. वाकडं बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं.

आणि प्रशिक? तो आज शीळ घालत होता. वर्षभर त्याने भाकऱ्या थापल्या, आईला धरून न्हाणीपर्यंत नेलं, आणि हळूहळू फाट्यावर जायचं बंद केलं. तिथे कुणीतरी विचारायचं, काय, चूल पेटली का? घर त्याला कसं डांबून ठेवत होतं ते तिला कळत होतं. तिच्याइतकं कुणाला कळणार? त्याची शीळ ऐकून तिला बरंही वाटत होतं, हेच अवघड होतं. दोघांपैकी एकानेच बाहेर पडायचं हे कुणी ठरवलं... कुणीच नाही. कुणी ठरवलं असतं तर त्याच्याकडे जाता आलं असतं.

"शुभा, साखळी सोड. हळू... अजून..."

ती साखळी सोडत गेली. कडी खाली, कडी खाली. इंजिन हलत, डुलत जीपच्या पोटात उतरलं, गिअरबॉक्सला जाऊन खटकन भिडलं. आता इंजिनाचा पाय चेसीच्या पट्टीवर बसायचा होता. दोन्हींची भोकं एकावर एक आली की वरून बोल्ट सोडायचा. प्रशिक गाडीखाली उताणा पडून पहारीने इंजिन रेटत होता. त्याचा हात तिथे पोचत होता, नजर पोचत नव्हती. वरून मोबाईलचा उजेड पाडून तिने बघायचं.

"दिसलं का?"

"न्हाई."

भोकात काळं लोखंड होतं. मग नखाएवढी उजेडाची कोर. कोर वाढली, आणि एकदम पूर्ण गोल – त्यातून खालची माती दिसली, मातीवर एक मुंगी.

"आता?"

"न्हाई," शुभांगी म्हणाली.

तिनेच म्हटलं. आवाज नेहमीसारखा होता. दुकानात म्हातारी माणसं दिसत नसतानाही दिसतंय म्हणतात, पोरीला त्रास नको म्हणून. दिसत असताना नाही म्हणणारं कुणी तिला भेटलं नव्हतं. गोल निसटला. खालून कण्हल्यासारखा आवाज, पहार रुतली, पुन्हा माती दिसली.

"आता तरी?"

"न्हाई अजून."

किती सोपं होतं. असंच संध्याकाळपर्यंत... असंच उद्या, परवा...

"थांब, बोट घालून बघतो."

आणि त्या गोलात खालून त्याचं बोट आलं. काळं नख, बाजूला फाटलेली कातडी. वर साखळीला इंजिन किंचित डुललं, आणि तिला ती दोन्ही लोखंडांची धार दिसली.

"काढा! बोट काढा! आलंय – मघाच आलंय!"

बोट खाली गेलं. इंजिन दणकन बाजूला सरकलं.

"मघाच?" तो म्हणाला. मग, "बरं. पुन्हा रेटतो. सांग."

या वेळी तिने सांगितलं. बोल्ट सरळ खाली गेला.

ऊन कलताना त्याने किल्ली फिरवली. दोनदा नुसती घरघर, मग धुराचा लोट आणि अख्ख्या अंगणाला हादरवणारा ठोका. भामाबाईंनी खाटेवरूनच हात जोडले, पदराने डोळे पुसले. प्रशिक स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा त्याचा वाटत होता. इंजिन चालूच ठेवून तो खाली उतरला, न्हाणीपाशी आला. तिने तांब्या कलता केला.

"मघाशी दिसत हुतं तुला," हाताला साबणचुरा चोळत तो हळूच म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

नव्हतं दिसत, असं म्हणता आलं असतं. गाडीच्या आवाजात तेही खपून गेलं असतं.

"व्हय."

"मग?"

तांब्यातलं पाणी संपलं होतं, तरी त्याने हात पुढेच धरले होते. तो रागावलेला नव्हता. आता वाट बघत होता. तिच्या तोंडाशी आलेलं वाक्य अगदी छोटं होतं – त्यात दुकान होतं, स्टूल होतं, आणि पुढे कोण घरी राहणार याचं काहीच उत्तर नव्हतं. इतके दिवस तिला वाटायचं, मला कुणी विचारत नाही म्हणून मी अशी अडकलेय. आता विचारलं होतं. त्याच्या मागे गाडी धडधडत होती, त्याचा सगळा आनंद तिथे उभा होता, आणि तिच्या छातीत भीती होती – पण ही सकाळची, पुन्हा घरात अडकायची भीती नव्हती. हिची तिला सवय नव्हती. तिने रिकामा तांब्या खाली ठेवला, त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच, नजर खाली वळवावी असं तिला वाटलं नाही.