लोखंड्याच्या अंगाला तांबडी माती

मित्रांनो, मी दिसतो माणसासारखा, पण माणूस नाही. मी यंत्रमानव आहे. मी चालतो, पळतो, उडी मारतो. कुणी ढकललं तर एक पाऊल मागे टाकून तोल सांभाळतो. माझ्या प्रत्येक सांध्यात मोटार आहे, पोटात बॅटरी आणि डोक्यात कॅमेरे. तालमीतली पोरं मला लोखंड्या म्हणतात. खरं तर माझं बरंचसं अंग ॲल्युमिनियमचं आहे, पण ऐकतंय कोण!

इस्लामपूरच्या एका कॉलेजात संयोगिताताईंनी मला घडवलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मी सावरावं, अशी त्यांची इच्छा. म्हणून 'पडणाऱ्याला धर' हे त्यांनी मला सगळ्यात आधी शिकवलं. माझा तोल पक्का व्हावा म्हणून काठीने ढकलून ढकलून ताई दमल्या, तेव्हा त्यांनी मला तासगावजवळ आपल्या मामांच्या तालमीत आणलं. "इथे तुला खरे धक्के मिळतील," म्हणाल्या. मिळाले बाबा!

मामा म्हणजे धोंडिराम वस्ताद. त्यांची मुलगी पायल कुस्ती खेळते, त्यांना आबा म्हणते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण मनातली भीती जाईना. पायाला कुणी हात लावला की ती मागे सरकायची. जिल्ह्याची निवड चाचणी जवळ आली होती. "या येळंला उतरले न्हाई, तर माझी कुस्ती सुटलीच म्हणायची," असं म्हणून ती तोंड फिरवायची. मला तिचं फार वाईट वाटे.

ती माझ्याबरोबर सराव करू लागली. तिचा तोल गेला रे गेला की मी तिला धरायचो. पोरं टाळ्या वाजवायची. वस्ताद म्हणायचे, "लय गुणाचं हाय बघ." पायल मात्र माझ्यावरच खेकसायची. "सोड की रं मला! तूबी आबांवानीच, पडूच देत न्हाईस!" आता धरलं, हे चुकलं का? माझा नुसता गोंधळ उडायचा. तिथलं सगळंच उलटं. पाठीवर पडून झटकन उठणं ही माझी सगळ्यात मोठी करामत. कॉलेजात ती बघायला पाहुणे यायचे. इथे माझी पाठ मातीला लागली की पोरं ओरडायची, "चितपट! हरला!" अहो, मी तर उठून उभा असायचो. मग हरलो कसा?

एकदा ताई इस्लामपूरला गेल्या होत्या. वस्तादांना काय वाटलं कुणास ठाऊक! "आखाड्यात उतरतुयास आन् अंग कोरडं? शोभत न्हाई गड्या," असं म्हणत त्यांनी हौदातली तांबडी माती उचलली. तेल, ताक, हळद मुरवलेली ती माती त्यांनी माझ्या खांद्यांना, कोपरांना मायेने चोळली. पैलवानाचा मान तो! मान मिळाला, पण माती सांध्यांत शिरली.

थोड्या वेळाने सराव करताना पायलचा पाय घसरला. मी हात पुढे करायला गेलो, तर खांदा करकरला आणि अडकला. ती धाडकन पाठीवर पडली. वस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. पायलने गुडघा चाचपला, दुमडून पाहिला, सरळ केला. मग उठली.

"आवं आबा, काय न्हाई झालं! खरंच काय न्हाई झालं!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

चूक माझी होती. पण वस्ताद मला पेढा भरवायला माझं तोंड शोधत होते!

संयोगिताताई परत आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "मामा, ह्ये काय केलंसा?" ब्रश घेऊन त्यांनी माझा एकेक सांधा साफ केला. दुसऱ्या दिवशी पायल पुन्हा समोर उभी राहिली. "आज धरू नगंस," म्हणाली. खेळता खेळता तिचा तोल गेला. माझे हात पोचले असते, नक्की पोचले असते. मी ते मागे घेतले. ती पडली, उठली, आणि पुन्हा माझ्या अंगावर धावून आली. आज ती सांगलीला चाचणीला उतरली आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, आमच्या सांध्यांत माती जाऊ देऊ नका. आणि कुणाला कधी धरायचं, कधी सोडायचं, हे तुम्हाला कळत असेल तर मलाही शिकवा. मला अजून ते उमगलेलं नाही. त्या दिवशी माझे सांधे अगदी स्वच्छ होते, तरी हात मागे घेताना ते थरथरत होते.