झाकणाखालचा घाम

"भांडं कधी पालथं घालू नगंस. त्यो येईस्तवर रोज भरून ठेव. आन् त्याच्यापायी खोटं बोलू नगंस. खोट्या तोंडानं वाढलेलं लांबच्या मानसाला पोचत न्हाई."

सासूबाईंचं हे शेवटचं बोलणं. गेल्या थंडीत त्या गेल्या. त्याच्या वर्षभर आधी जपान्यांनी माझ्या मालकांना समुद्रापार कोळशाच्या खाणीत नेलं होतं. तेव्हापासून त्यांचं जेवणाचं पितळी भांडं मी रोज संध्याकाळी भरायची, झाकण लावून, गोधडीत गुंडाळून चुलीच्या अंगाला उबदार जमिनीवर ठेवायची. पहाटे विहिरीचं पहिलं पाणी वाडग्यात ठेवून हात जोडायचे, मग झाकण उघडायचं. आत घामाचे थेंब दिसले की माणूस सुखरूप.

तीन दिवस झाकण कोरडं होतं.

"मूठभर जवाला घाम फुटंल कुठनं?" शेजारची, ओक्चॉन गावाहून सून होऊन आलेली ओक्चॉनकरीण म्हणाली. लोणच्याच्या रांजणाखालच्या खड्ड्यात ती आपलं पितळ पुरत होती. बंदुकीच्या गोळ्यांसाठी घरोघरचं पितळ द्यायचा हुकूम निघाला होता. "दे तुजं भांडं हिकडं. माझ्या सासऱ्याच्या भांड्याशेजारी निजंल."

"मग रोज भरू कशात?"

"लाकडाच्या वाडग्यात! त्यो तिकडनं बघाय येतोय व्हय?"



दुपारी म्हातारे गावप्रमुख घरोघरच्या पितळाची यादी करत आले. मागे तलवार लटकावलेला जपानी शिपाई. ओठ न हलवता प्रमुख पुटपुटले, "न्हाई म्हन, पोरी. मी न्हाई लिवतो आन् फुडं जातो."

किती सोपं होतं. मी गोधडीकडे पाहिलं. तिच्याशेजारी सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून बसल्यासारख्या वाटल्या.

"हाय," मी म्हणाले. "पर देनार न्हाई. माझा मानूस न्येला. आता त्याच्या भांड्याच्या गोळ्या करून दुसरीचा मारनार. त्याला माझा हात लागायचा न्हाई."

भांडं उचलून नेणं शिपायाला अवघड नव्हतं. पण सरकारला जप्ती नको होती. ज्याचं त्यानं चौकीत आणून, 'खुशीनं दिलं' म्हणून अंगठा उठवायचा होता. शिपायानं प्रमुखांच्या थोबाडीत दिली. म्हाताऱ्याची टोपी चिखलात पडली.

"उद्या सकाळी ही चौकीत आली नाही, तर तुला नेतो."

"मी येईन," मी म्हणाले.

ते गेल्यावर ओक्चॉनकरीण माझ्यावर कडाडली, "तुझ्या खरेपनाचा मार म्हाताऱ्यानं खाल्ला!"

"म्हनून तर जाते, वैनी. रिकाम्या हातानं. माझ्या माघारी भांडं भरशील?"

ती फणकाऱ्यानं निघून गेली.

पहाटे धुकं इतकं होतं की विहीर हातानं चाचपावी लागली. पाणी ठेवलं, हात जोडले. जव शिजवून भांडं आदल्या संध्याकाळीच भरलं होतं. झाकणावर बोट टेकवलं. कोमट होतं. उघडलं नाही.

दारात ओक्चॉनकरीण उभी होती. नखांत माती, हातात तिच्या सासऱ्याचं भांडं.

"आता दोन भरावी लागतील," ती म्हणाली. "एक त्याचं, एक तुजं."

"आन् शिपाई आला तर?"

"दोन हायेत म्हनंन."

मी चपलांची दोरी घट्ट केली आणि चौकीच्या वाटेला लागले.