भरवशाची गाडी

टॅमसिनने सीट दोन खाचा पुढे ओढली, तेवढ्यात डॅरिलने उघड्या दारातून वाकून ती पुन्हा मागे सरकवली.

“मागेच बरी,” तो म्हणाला. “गुडघे आखडतात तुझे.”

“हो,” ती म्हणाली.

ऑस्ट्रेलियात, पोर्ट ऑगस्टातल्या त्या शोरूममध्ये नोरीन सतरा वर्षं गाड्या विकत होती. नवराबायको आली की गाडी कोण चालवणार, हे ती आधी बाईला विचारायची. आज उत्तर डॅरिलने दिलं होतं. गाडी बायकोसाठी, दुकानापर्यंत जायला-यायला. घर गावाबाहेर बावीस किलोमीटरवर होतं, आणि जुनी गाडी त्या वाटेवर दोनदा बंद पडली होती.

“भरवशाची हवी,” तो म्हणाला. “आणि ती फोनवर दिसते म्हणतात, ती कुठली?”

नोरीनने पांढरी दाखवली. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, कधी सुरू झाली, सगळं फोनवर कळतं, असं तिने नेहमीच्या सुरात सांगितलं. डॅरिलला ते आवडलं.

“हिला रस्ते सापडत नाहीत हो. परवा ब्रेड आणायला गेली, ती दीड तासाने उगवली.” त्याने टॅमसिनच्या खांद्यावर हात ठेवला. “काय गं, कुठे हरवली होतीस?”

टॅमसिन स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिली. तिथे धूळ नव्हती.

चालवून बघताना तोही मागे बसणार होता, पण जुन्या गाडीची किंमत ठरवायला मेकॅनिकने त्याला हाक मारली.

“दहा मिनिटांत या,” तो नोरीनला म्हणाला.

टॅमसिन सरळ हमरस्त्याला लागली. एकही वळण चुकली नाही. अ‍ॅडलेडची पाटी आली तिथे तिने गाडी कडेला घेतली.

“एका टाकीत किती जाते?”

“सातशे किलोमीटर तरी.”

शेजारून लांबलचक ट्रक गेला. गाडी हलली.

“आणि ते फोनवरचं? बंद करता येतं?”

“ज्याच्या नावावर खातं, त्याला येतं.”

टॅमसिनने मान हलवली. ती आणखी काही सांगेल म्हणून नोरीन थांबली. मग काही न विचारताच म्हणाली, “मागच्या आवारात एक राखाडी आहे. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल, पण कोरी. रेडिओ सोडला तर तिच्यात काही नाही.”

“तो ऐकायचा नाही.”

“ते माझ्याकडे लागलं.”

परत आल्या तेव्हा डॅरिल फाटकात उभा होता. नोरीनने त्याला सांगितलं, की इंजिन दोन्हींचं एकच. पण इकडच्या उन्हात पांढरीतले ते फोनला जोडलेले स्क्रीनबिन टिकत नाहीत, या उन्हाळ्यात दोन गाड्या परत आल्या. आली होती एकच, तीही पंक्चर काढायला. डॅरिलने राखाडी गाडीच्या टायरवर लाथ मारून पाहिली, घासाघीस केली आणि तीच घेतली.

“फोनबिन राहू दे,” तो म्हणाला. “मी असतोच की.”

अकरा दिवसांनी, दुपारी, तो शेजाऱ्याच्या गाडीतून आला. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री. मेकॅनिक जेवायला गेला होता. शोरूममध्ये नोरीन एकटीच होती.

“त्या गाडीला फोनची सोय नाही ना?”

“नाही. तुम्हीच नको म्हणालात.”

“म्हणालो खरा.” त्याने काचेतून शेजाऱ्याला हात केला. शेजाऱ्याची गाडी निघून गेली. “पोलीस म्हणतात, मोठी बाई आहे, मर्जीने गेली. असेल. पण हिला मर्जी होती कधी?”

नोरीनने टेबलावरचे कागद सारखे केले.

“त्या दिवशी मी दहा मिनिटं म्हणालो होतो. तुम्ही वीस घेतलीत.”

“रस्त्यावर ट्रक फार होते.”

“असतील.” त्याने खुर्ची ओढली, टेबलापलीकडे बसला आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. “काय बोललात दोघी?”

“रंगाबद्दल.”

“रंगाबद्दल,” तो म्हणाला. मग मान वळवून त्याने बाहेरच्या आवाराकडे पाहिलं.

“ती निळी गाडी तुमची ना? रोज सव्वापाचला निघते.”