दादाची डावी बाजू

फुटबॉलच्या संघात त्याला सगळे 'जावई' म्हणायचे. एक तर गोलकीपर असलेल्या दादाची बहीण त्याला दिलेली. शिवाय इस्त्रीचे कपडे घालून बाकावर बसायचं, वेळच्या वेळी खायचं-प्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे जावयाचं काम तो वर्षानुवर्षं इमानेइतबारे करत आला होता. राखीव गोलकीपरचं नशीबच तसं. बचावपटू दमतो, आघाडीवीर लंगडतो, मग बाकावरच्या एखाद्याचं उखळ पांढरं होतं. गोलकीपर दमत नाही. आणि दादाला तर साधं पडसंही होत नसे.

दादाने लग्न केलं नव्हतं. आईवडील लवकर गेले तेव्हा बहीण शाळेत होती. सकाळी गोदामात पोती उचलायची, दुपारी सराव, आणि मधल्या वेळात बहिणीची वेणी घालून तिला शाळेत पोचवायचं, असं त्याचं तरुणपण गेलं. "आईपेक्षा घट्ट घालायचो वेणी," असं तो कौतुकाने सांगे. "डोकं ठणकायचं माझं," असं ती म्हणे. तिचं लग्न झाल्यावरही तो त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहिला आणि दोन्ही वेळा जेवायला वर यायचा.

त्या वर्षी क्लब वरच्या लीगमध्ये चढला. देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये. दादाची उमेदीची सगळी वर्षं खालच्या लीगच्या चिखलात लोळण्यात गेली होती. आता केस पिकायला लागल्यावर त्याला हिरवंगार मैदान, टीव्हीचे कॅमेरे आणि खच्चून भरलेली स्टेडियम दिसली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'औटघटकेचे पाहुणे'. कोचने ते कात्रण कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर चिकटवलं.

हंगामाचा पहिला भाग सोन्यासारखा गेला. दादा असे चेंडू अडवत होता की समोरच्या संघाचे लोकसुद्धा हात जोडायचे. संघ गुणतक्त्यात मधोमध होता. जावई बाकावर बसून टाळ्या वाजवत होता, आणि त्या टाळ्या खऱ्या होत्या. मात्र कधीतरी अंघोळ करताना त्याच्या मनात येऊन जाई, की दादाचा पाय थोडासा मुरगळला तर? फार नाही, एका सामन्यापुरता. मग त्याला स्वतःचीच लाज वाटे आणि तो डोक्यावर गार पाणी ओतून घेई.

थंडी सुरू झाली आणि एका सरावात डावीकडून साधा उंच चेंडू आला. दादा हललाच नाही. चेंडू त्याच्या खांद्यावरून जाऊन जाळीत पडला. सगळ्यांना वाटलं, मस्करी करतोय. दादाही हसला. पण जावई गोलच्या मागे उभा होता. चेंडू येताना दादाची मान वळली नव्हती, हे त्याने पाहिलं होतं.

सराव संपल्यावर सगळे आत गेले. दादाने त्याला थांबवलं.

"डावा गेलाय," दादा म्हणाला.

"कुठे?"

"डोळा रे! पडदा सुटलाय म्हणे आतला. कडेने काळोख सरकत येतोय, कुणी दार लोटत आणावं तसा. दुसऱ्या गावी जाऊन दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन, आणि मैदानाचं नाव काढायचं नाही."

"मग?"

"मग काय, हंगाम संपला की करतो."

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ऐक." दादाने हातमोजे काढले आणि काखेत धरले. "मी आयुष्यात दोनच गोष्टी मागितल्या. तिचं नीट व्हावं, ते झालं. आणि एकदा वरच्या लीगमध्ये खेळावं. आता पान वाढलंय, पहिला घास तोंडात आहे, आणि तू म्हणतोस, ऊठ?"

जावयाने जाळीपाशी पडलेला चेंडू उचलला.

"कोणाला सांगू नकोस. तिला तर मुळीच नको. तू फक्त बाकावरून ओरडत जा, डावीकडून काही आलं की. जावईबापू, एवढं कराल ना?"

तो हो म्हणाला. दादाला नाही म्हणायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती. आणि आणखी एक होतं, जे तो कुणालाच सांगू शकला नसता. ती जागा त्याला इतकी हवी होती, की दादाच्या भल्यासाठी बोललेलं वाक्यसुद्धा त्याच्या तोंडून चोरीच्या मालासारखं बाहेर पडलं असतं. गप्प बसणं त्याला जास्त स्वच्छ वाटलं.

त्यानंतर सामन्याच्या एका अर्ध्या भागात बाक दादाच्या डाव्या हाताला असे. तेव्हा जावई घसा फुटेस्तोवर ओरडायचा आणि निभावून जायचं. पण मध्यांतरानंतर बाजू बदलायच्या. बाक उजवीकडे यायचा, आणि डावीकडे दादाला सावध करणारं कुणी नसायचं. गोल त्याच वेळी व्हायला लागले. मोठ्या संघांची माणसं काय दूधखुळी नसतात. त्यांनी वास काढला आणि चेंडू तिकडूनच टाकायला लागले. संघ गुणतक्त्यात घसरू लागला. खालच्या तीन जागा म्हणजे पुन्हा खालची लीग, आणि वसंत येईतो त्या जागा अगदी पायाला लागल्या.

एका पराभवानंतर कोचने जावयाला बाजूला घेतलं. कोच मितभाषी माणूस होता. नजर जमिनीवर ठेवून त्याने विचारलं, "दादाला काही होतंय का? तू घरातला आहेस. मला खरं सांग."

"नाही," जावई म्हणाला. "दमलाय थोडा."

"नक्की?"

"नक्की."

घरी मात्र ते लपलं नाही. एका दुपारी जेवताना बहिणीने पाण्याचा पेला दादाच्या डाव्या हाताला ठेवला. दादा पाणी मागत राहिला. ती थबकली. मग तिने स्वतःचा हात हळूच त्याच्या डाव्या डोळ्यासमोर नेला, अगदी गालाजवळ. दादा जेवत राहिला, वर भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. तिने हात मागे घेतला आणि मीठ आणून दिलं.

दादा खाली गेल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

ती खुर्चीवर बसली. "आणि रोज त्याच्यासमोर चेंडू मारतायत माणसं."

"त्याने शब्द घेतलाय माझा. आणि मी सांगितलं तर लोक काय म्हणतील? जागा हवी होती म्हणून मेहुण्याचा काटा काढला म्हणतील."

"लोकांनी नाही घातली माझी वेणी. त्यांनी नाही मला वाढवलं." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "उद्या सामन्याआधी तू कोचला सांगायचंस. नाहीतर मी जाते आणि मैदानात उभी राहून सांगते."

"मी सांगतो."

"बघ हं."

"सांगतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी तो लवकर मैदानावर गेला. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती. कोचच्या खोलीचं दार उघडलं, तर आत दादा बसलेला. टेबलावर मैदानाचा नकाशा पसरलेला होता आणि दादा कोचला काहीतरी समजावत होता, चांगल्या रंगात होता. कोचने वर पाहिलं. "बोल."

जावयाने तोंड उघडलं. दादा त्याच्याकडे बघत होता, मान थोडी डावीकडे वळवून, उजव्या डोळ्याने.

"ते... मोजे," जावई म्हणाला. "मोजे आखूड पडतायत मला."

दादा खदखदून हसला. "वर्षभर बाकावर बसून पाय वाढले वाटतं! अरे, जावईबापूंना मोजे द्या रे कुणीतरी!" कोचही हसला. बाहेरची पोरंही हसली. जावई नवे मोजे घेऊन कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसला.

बहीण घरी टीव्हीसमोर बसली होती. नवऱ्याने सांगितलं असणार, या भरवशावर तिने त्या दिवशी दादाच्या आवडीची खीर करायला घेतली होती. संघ मैदानात उतरले. कॅमेरा गोलकडे गेला आणि तिथे दादा हातमोज्यांवर थुंकत उभा होता. शेजारीण पुढे सांगायची, की स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास येत होता तरी ती जागची हलली नाही.

दुसऱ्या अर्ध्या भागात बाक उजवीकडे गेला. डावीकडून एक चेंडू आत आला, टप्पा पडून उसळला. दादाला तो उशिरा दिसला, पण दिसला, आणि तो पुढे झेपावला. चेंडू दिसला, त्याच्या मागून येणारा पाय दिसला नाही. समोरच्या खेळाडूचा काही दोष नव्हता. बूट दादाच्या चेहऱ्यावर बसला, उजव्या बाजूला.

जावई बाकावरून उठून धावत सुटला. कोच मागून हाका मारत होता. दादा गुडघ्यांवर बसला होता, चेंडू अजून पोटाशी. स्टेडियमचे सगळे दिवे नुकतेच लागले होते.

"दिवे गेले का रे?" दादाने विचारलं.

जावयाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, दिवे गेले का?"

त्याला स्ट्रेचरवरून नेलं. कोच जावयापाशी आला, त्याचे खांदे धरले आणि म्हणाला, "हातमोजे घाल." इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो असा आला. त्याने हातमोजे चढवले. तो गोलात जाऊन उभा राहिला आणि सामना बरोबरीत सुटला. त्याने काय काय अडवलं ते नंतर त्याला आठवेना.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याला उजेड-सावली कळेल, तेवढंच. "आणि डावा?" बहिणीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, डाव्याला आता उशीर झालाय; थंडीत आला असता तर वाचवता आला असता. डॉक्टर सहज बोलून गेले. तिने मान हलवली. शेजारी नवरा उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

कोच भेटायला आला होता. बाहेरच्या ओट्यावर तो जावयाला म्हणाला, "मी विचारलं होतं तुला."

"हो."

कोचने बराच वेळ हातातली टोपी फिरवली. "शनिवारी तूच आहेस गोलात," म्हणाला आणि गेला.

उरलेले सामने जावई अंगात आल्यासारखा खेळला. त्याला भीती वाटेनाशी झाली होती. ज्याची वाटायची ते होऊन गेलं होतं. पायांत घुसायचा, खांबावर आपटायचा, उठायचा. लोक त्याच्या नावाने ओरडायला लागले. शेवटच्या सामन्यात संघाने वरच्या लीगमधली जागा राखली. औटघटकेचे पाहुणे आता राहायला आले, असं वर्तमानपत्रांनी छापलं.

दुसऱ्या दिवशी उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. जावई पुढे उभा होता, गळ्यात फुलं होती, खाली बँड वाजत होता. बस त्यांच्या रस्त्याला वळली. प्रत्येक खिडकीत माणसं होती. त्यांची खिडकी बंद होती. पुढच्या चौकात बस थोडी मंदावली तसा तो मागच्या दाराने उतरला आणि गर्दीतून उलटा चालत घरी आला.

दादा टेबलाशी बसला होता. समोर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि तो बोटांनी चाचपत बाह्या जुळवून घड्या घालत होता. बहीण खिडकीपाशी उभी होती.

"बस तर पुढे गेली. तू इथे काय करतोयस?" दादाने विचारलं.

"उतरलो."

"मूर्ख आहेस. असा दिवस परत येत नाही."

जावई त्याच्या पायाशी जमिनीवर बसला. "दादा, त्या दिवशी मी कोचना सांगायला आलो होतो."

"माहीत आहे." दादाने सदऱ्याची कॉलर शोधून सरळ केली. "मोजे कधी आखूड पडतात का रे? तू काय बोलणार ते दारातच कळलं मला. म्हणून तर एवढ्या मोठ्याने हसलो. तुझं तोंड मीच बंद केलं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"तरी मला बोलता आलं असतं."

"आलं असतं," दादा म्हणाला. मग सदऱ्याची बाही चाचपत, "मी तुला कधीच माफ केलं नसतं, पण आलं असतं."

खिडकीपाशी ती दोघांकडे पाठ करून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आली आणि दादाने चुकीची घातलेली एक घडी मोडून नीट घातली.

उन्हाळाभर नवराबायकोमध्ये कामापुरतंच बोलणं राहिलं. पाणी आलंय. किल्ली दाराला आहे. जेवण झाकून ठेवलंय. दादाला त्यांनी वरच राहायला आणलं होतं; तो गप्पा मारायचा, जुन्या सामन्यांचे किस्से सांगायचा, आणि ती दोघं त्याच्याशी बोलताना एकमेकांशी बोलल्यासारखी वाटायची. तिला रडताना कुणी पाहिलं नाही. दादा मात्र एकदा, घरात कुणी नाही असं समजून, भिंतीला हात लावून उभा राहिला आणि हुंदके देऊन रडला. जावई दारातच होता. तो पाय न वाजवता जिना उतरून खाली गेला.

नवा हंगाम सुरू व्हायच्या दिवशी तो बॅग भरत होता. ती दारात आली.

"एक सांगू?"

तो थांबला.

"दादाने मागितलं आणि तुला नाही म्हणवलं नाही. मलाही म्हणवलं नसतं कदाचित. हे मला कळतं." ती दाराची कडी हाताने वरखाली करत होती. "पण मला तुझा राग येतो. सकाळी उठल्याबरोबर येतो, दादा तुझ्या हाताला धरून बाथरूमकडे जातो तेव्हा येतो. तो येणारच. तो घालवायला काही करू नकोस. फुलं आणू नकोस, सिनेमाला चल म्हणू नकोस. येऊ दे."

"बरं," तो म्हणाला.

"आणि आज नीट खेळ."

आतून दादाने हाक मारली, चप्पल सापडत नाही म्हणून. ती आत गेली. त्याने बॅगेची चेन ओढली आणि खाली उतरला. रस्त्यावर लोक त्याला ओळखून हात करत होते, आणि तोही हात करत मैदानाकडे चालू लागला.