दिसेल तिथे गोळ्या घाला

घाबरू नका मित्रांनो, माझ्यात काडतूस नाही. मी एक जुनी दुनळी बंदूक आहे आणि सध्या पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, जप्त केलेल्या मोडक्या सायकलींच्या शेजारी भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या गळ्यात एक चिठ्ठी बांधली होती. तिच्यावरची शाई कधीच उडून गेली, त्यामुळे मी कोण हे आता मलाच सांगावे लागते.

माझ्या दोन्ही नळ्या एकाच दिवशी घडल्या. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. तो घासणारा कारागीर कामाच्या तंद्रीत शीळ घालत असे. मी तयार झाल्यावर एका लाकडी पाटीवर दोन बार काढून माझी परीक्षा घेतली गेली. खरे सांगते, त्या आवाजाने मीच दचकले. मग मला कागदात गुंडाळून एका बँकेत पाठवले.

बँकेच्या दारात मला माझा पहारेकरी भेटला. उंच माणूस, भरघोस मिशा, चालणे सावकाश. दर सोमवारी सकाळी तो मला चिंधीने पुसून तेल लावी. त्याला एक खोड होती. कोणी काहीही सांगितले की तो आधी म्हणायचा, "परत बोला." कान चांगले तिखट होते हो त्याचे! पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी साहेब म्हणाले होते, "पंखा बंद करा," आणि याने त्यातले फक्त "बंद करा" ऐकून तिजोरीच्या खोलीला कुलूप ठोकले. आत कॅशिअर होता. बिचारा दोन तास दार बडवत राहिला. तेव्हापासून दोनदा ऐकल्याशिवाय काही करायचे नाही, असा पहारेकऱ्याने कानाला खडा लावला. बँकेतले सगळे त्याला परतबोलेकाका म्हणत. नवीन आलेले कारकून तर ते त्याचे आडनावच समजत.

अशी आमची पंचवीस वर्षे गेली. मी चकाकत होते, लोक माझ्याकडे आदराने पाहत होते आणि माझ्यावर काही काम येत नव्हते. बंदुकीला याहून सुखाचे दिवस नसतात, पण हे मला तेव्हा कुठे कळत होते? मला वाटे, एकदा तरी आपल्याला काही करून दाखवायला मिळावे. किती मूर्ख होते मी!

मग पूर आला. तीन दिवस पाणी बाजारपेठेत ठाण मांडून बसले. ते ओसरले तेव्हा दुकानांची शटर वाकलेली, रस्त्यावर गुडघाभर चिखल, वीज नाही, फोन नाही, प्यायला पाणी नाही. आणि लोक फुटक्या दुकानांत शिरू लागले. कुणी भुकेपोटी, कुणी हावेपोटी. उपाशी कोण आणि हावरा कोण हे कपाळावर लिहिलेले नसते. चिखलाने सगळेच सारखे दिसत होते.

अख्ख्या चौकात पोलीस खात्याचे एकच माणूस उरले होते, एक महिला शिपाई. तिच्याकडे एक काठी आणि एक वॉकीटॉकी. तिने पहारेकऱ्याला सोबतीला बोलावले. तो मला खांद्याला लावून बँकेच्या पायरीवर उभा राहिला. शेजारच्या भांड्यांच्या दुकानाचा मालकही तिथेच होता. तीन दिवसांत त्याचे अर्धे दुकान वाहून गेले होते आणि उरलेला माल लोक डोळ्यांदेखत नेत होते. "पलीकडच्या भागात दिसताक्षणी गोळ्या घालण्याचा हुकूम निघालाय म्हणे," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "इथे कधी निघणार?"

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. पोलीस ठाण्यातल्या साहेबांचा आवाज तुटत तुटत आला. "...दिसेल तिथे... गोळ्या घाला... एकही... सोडू नका."

आणि दैवाची गंमत पाहा, त्याच क्षणी भांड्यांच्या दुकानातून एक माणूस बाहेर पडला. डोक्यावर हे भलेमोठे पातेले पालथे घातलेले, एका काखेत भिंतीवरचे घड्याळ. तो आमच्याकडे पाठ करून चिखल तुडवत निघाला.

"तो बघा! तो बघा!" भांडीवाला ओरडला. "हुकूम आलाय ना? मग वाट कसली बघताय?"

पहारेकऱ्याने मला खांद्यावरून काढले. माझ्या दोन्ही नळ्यांत काडतुसे होती. त्याने मला त्या माणसावर रोखले आणि खणखणीत आवाजात हाक दिली, "थांब!" माणूस चालतच राहिला. "थांब, नाहीतर गोळी घालीन!" तरी तो थांबेना. तिसरी हाकही वाया गेली. भांडीवाला म्हणाला, "बघा, किती निर्ढावलेला आहे!"

मित्रांनो, पहारेकरी देवमाणूस होता असे मी म्हणणार नाही. तीन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याच्या स्वतःच्या घरातून कुणीतरी पिण्याच्या पाण्याचे पिंप पळवले होते, आणि त्याची बायको दोन दिवस गढूळ पाणी गाळून पीत होती. त्याचा सगळा राग त्याच्या बोटात उतरला होता. ते बोट माझ्या चापावर होते. मी त्याला रेटा देऊ शकत नव्हते आणि अडवूही शकत नव्हते. मला दोन तोंडे आहेत, पण एकानेही मला "नको" म्हणता येत नव्हते. समोर त्या माणसाची पाठ होती. सदरा फाटला होता. मला भयंकर भीती वाटली.

"कोपऱ्यावर वळला की हातचा गेला!" भांडीवाला म्हणाला.

चाप किंचित हलला. आणि मग, नजर न हलवता, पहारेकरी म्हणाला, "ताई, परत बोला म्हणावं."

"काका, साहेबांना परत बोला म्हणू? शिव्या घालतील मला. आणि बॅटरी संपत आलीये."

"हुकूम तुम्हाला आलाय, बार माझ्या हातून निघणार आहे. परत बोला म्हणावं."

तिने कळ दाबली. "साहेब, परत बोला. चोर दिसेल तिथे गोळ्या घालायच्या का?"

खरखर. मग साहेब असे कडाडले की मलाही स्पष्ट ऐकू आले. "कुठला चोर? अहो, टाकी! पाण्याची टाकी दिसेल तिथे गोळ्या घाला, क्लोरीनच्या! एकही टाकी सोडू नका म्हणालो मी! खोकं निघालंय इथून. माणसांवर कसल्या गोळ्या घालताय?"

पहारेकऱ्याने मला खाली घेतले. दोन्ही काडतुसे काढून चिखलात टाकली. मग तो पायरीवर बसला. महिला शिपाई आधी हसली, मग रडली, मग नाक पुसत धावत गेली आणि तिने त्या पातेल्यावर काठी हाणली. ठण्ण!

माणूस जागच्या जागी उडाला. पातेले वर करून म्हणाला, "काय झालं? कुणी हाक मारली का?"

पातेल्यात त्याला काहीच ऐकू गेले नव्हते! धंद्याने तो घरे रंगवणारा होता. पाणी साठवायला घरात भांडे उरले नाही, म्हणून पातेले घेतले म्हणाला.

"आणि घड्याळ? त्यात पाणी साठवणार होतास?" तिने विचारले.

रंगाऱ्याने मान खाली घातली. "ते दिसलं म्हणून घेतलं."

म्हणजे चोर होता तो, यात शंका नाही. पण चोरीला शिक्षा असते आणि शिक्षेनंतर माणूस घरी जातो. भांडीवाल्याने पातेले हातात घेऊन फिरवून पाहिले. त्याचा एक कान तुटलेला होता. विकले जात नाही म्हणून त्यानेच ते मागच्या फळीवर टाकून दिले होते. "यासाठी मी माणूस मारायला निघालो होतो," तो म्हणाला. मग एक मोठा सुस्कारा सोडून म्हणाला, "सुटलो रे बाबा."

खोके आले. महिला शिपाईने रंगाऱ्याला सांगितले, "चल, शिडी चढता येते ना तुला? गोळ्या घालायच्यात." पुढचे चार दिवस तो बाजारातल्या प्रत्येक टाकीवर चढला. पातेले त्याच्या बायकोकडे गेले. भांडीवाल्यानेच पोचवले.

त्या दिवशी पहिल्या टाकीकडे जाताना वाटेत महिला शिपाईने हळूच विचारले, "काका, साहेब खरंच तसं म्हणाले असते तर?"

पहारेकऱ्याने मला दुसऱ्या खांद्यावर घेतले. "तर म्हटलं असतं, ऐकू येत नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी बायकोने विचारले, तेव्हा त्याने सगळे सांगितले, चाप हलला होता तेसुद्धा. ती त्याच्या हातावर हात ठेवून बसली. त्यानंतर तो असा गाढ झोपला की घोरण्याने घर दणाणले. बँक अजून चिखलात होती म्हणून त्याने मला घरी आणले होते; कोपऱ्यात उभी राहून मी ते ऐकत होते. तसे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

पुढे पहारेकरी निवृत्त झाला, दारात कॅमेरे आले आणि मला इथे जमा केले. नोंद करणारा हवालदार म्हणाला, "बिचारी! जन्मभर नुसती उभीच राहिली." माझ्या नळ्यांना गंज चढला आहे, दस्त्याला वाळवी लागली आहे. मला त्याचे जराही वाईट वाटत नाही. मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला सांगतील की आम्हाला जपा, पुसा, वापरा. मी तसे सांगणार नाही. माझ्यासारखी कधी तुमच्या हाती आली, तर तिला नव्हे, तिच्या समोरच्याला जपा. तो फाटक्या सदऱ्याचा रंगारी एव्हाना आजोबा झाला असेल. शिडीवर चढू नका म्हणून नातवंडे त्याला दटावत असतील, आणि तो हट्टाने चढत असेल.