थोरलीच्या गोळ्या

मी गोळ्यांची डबी बोलतेय. पाळी गेल्यावर बायकांच्या अंगातून वाफा निघतात ना, त्यावरच्या हार्मोनच्या गोळ्या माझ्या पोटात आहेत. पण लगेच गळ्यात पडू नका. न विचारताच मला तोंडात टाकाल, असा मला तुमचा संशय येतो.

कारखान्यात यंत्राने मला गच्च भरलं, झाकण आवळलं आणि दुकानात धाडलं. तिथून मला दोघी बहिणींतल्या थोरलीने आणलं. ती शिवणकाम करते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. डॉक्टरबाईंनी तिला खोदून खोदून विचारलं होतं. रक्तदाब, पायातली गुठळी, छातीतली गाठ, काही म्हणून सोडलं नाही. तिची गर्भपिशवी आधीच काढलेली, म्हणून मला एकटीलाच लिहून दिलं.

एक दिवस धाकटी बहीण आली, रुमालाने मान पुसत.

"तायडे, जीव नकोसा झालाय गं. कामावर सगळ्यांसमोर घामाने भिजते."

"मग ही घे. माझ्याकडे दुसरी आहे. मला बघ कशी लागू पडली!"

"डॉक्टरांना विचारायला नको?"

"सख्ख्या बहिणी आपण. तुझं माझं अंग काय वेगळं आहे?"

आहे ना! अगं, तिची पिशवी जागेवर आहे! माझ्या एकटीमुळे पिशवीचं अस्तर वाढत जातं, कधी पार कर्करोगापर्यंत. त्याला आवर घालायला जोडीला दुसरं औषध लागतं. पण डबीचं ऐकतंय कोण?

वाफा थांबल्या. धाकटी खुशीत. मला मात्र ती खुशीच खटकत होती. आणि एके सकाळी कपड्यांवर रक्ताचा डाग. पाळी जाऊन चांगली काही वर्षं लोटली होती तिची.

"तरुण झालीस की!" थोरली हसली.

धाकटीही हसली, पण उगाच. थोरलीला न सांगता तिने मला पर्समध्ये टाकलं आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"या कुणी दिल्या?"

"बहिणीने."

"पिशवी काढलीय तुमची?"

"नाही."

डॉक्टरबाईंनी मला बाजूला सारलं आणि पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. मग धाकटीने थोरलीला सगळं सांगितलं.

आज त्या तपासणीचा निकाल ऐकायला दोघी दवाखान्याच्या बाकावर बसल्यात. मी थोरलीच्या मुठीत.

"मीच वैरीण झाले गं तुझी."

"गप बस. मी तरी कुठे विचारलं कुणाला?"

बायांनो, मी वाईट नाही. थोरलीचं भलंच केलंय मी. पण दुसरीला लागू पडली म्हणून मला तोंडात टाकू नका. आधी तपासून घ्या, माझ्यावर संशय घ्या.

आतून धाकटीला हाक आली. थोरली तिच्याआधी उभी राहिली.

"तू थांब इथेच," धाकटी म्हणाली आणि एकटीच आत गेली.

थोरली मला मुठीत धरून बंद दारासमोर येरझारा घालतेय, आणि पावलागणिक माझ्यातल्या उरलेल्या गोळ्या वाजतायत.