उपाशी वाफ्याचा मान

मी वाफा बोलतोय. पुण्यात, भर शहरात, शेतकी कॉलेजच्या रानातला. चार पावलांत संपतो, पण माझ्यावाचून इथलं काम अडलं असतं, हे आधीच सांगून ठेवतो.

वाटाण्याला किती खत घातलं म्हणजे जास्त शेंगा लागतात, हे शेफालीला तिच्या प्रबंधासाठी शोधायचं होतं. तिने वीस वाफे पाडले. कुणाला निम्मं खत, कुणाला पाऊण, कुणाला पुरेपूर, कुणाला सव्वापट. आम्हा चौघांना मात्र काहीच नाही. "हे उपाशी राहतात म्हणून तर बाकीच्यांना खताने काय मिळालं ते कळतं," असं ती येईल त्याला सांगायची. ऐकलंत ना? बाकीचे खाऊन मोठे झाले, मी न खाता.

दर आठवड्याला ती पट्टी घेऊन वेल मोजायची. शेजारचा सव्वापटवाला नुसता माजला होता. माझे वेल गुडघ्यालाही लागेनात, पानं पिवळी. लाज कसली? माझं कामच ते.

हिराबाईला मात्र ते बघवेना. ती यवतमाळकडची, इथे खुरपणीला रोजावर. दुपारी माझ्याच बांधावर बसून भाकरी खायची. एक दिवस घास हातातच राहिला तिच्या. "साऱ्याइले वाढलं आन् तुलेच नाई? उपाश्यासमोर कसं खावं बापा," म्हणाली, आणि बादलीत उरलेला युरिया ओंजळभर माझ्यात टाकला. वर पाणीही सोडलं. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

दोन आठवड्यांत मी हिरवागार. शेफालीने तीनदा मोजलं. माझा आकडा धरला तर खताने फारसा फरकच पडत नाही असं दिसणार, म्हणजे सगळा हंगाम पाण्यात. तिचे मार्गदर्शक दत्तप्रसाद सर आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वा. उपवास चांगलाच मानवलाय याला." पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात हिराबाई खुरपं टाकून उभी राहिली. रोज बुडेल, हे तिला कळत होतं. "सर, माह्या हातानं टाकलं म्या. पोरीचा काई दोष नाई."

सरांनी चष्मा खाली घेतला. "शेफाली, हा वाफा मोजणीतून काढ आणि कारण स्पष्ट लिही. बाकीचे तीन पुरतील. आणि बाई, तुम्ही उद्या वेळेवर या."

तोडणी झाली. सर्वांत जास्त शेंगा पुरेपूर खताच्या वाफ्यांत भरल्या. सव्वापटवाल्याचा पालाच पाला, टोपली अर्धी. हिराबाईने ती उचलून पाहिली आणि म्हणाली, "एवढं खाऊन एवढंच?"

माझ्या शेंगा कुणी तोलल्या नाहीत. पण प्रबंधात एक ओळ आली: 'एका बिनखताच्या वाफ्यात मजुराकडून खत पडले, म्हणून तो धरलेला नाही.' शेफालीने ती बांधावर बसून वाचून दाखवली.

"माहं नाव नाई टाकलं काय?" हिराबाईने विचारलं.

"अहो मावशी, चूक आहे ती. नाव कशाला?"

"चूक माही, आन् सांगतलं बी म्याच. टाक."

आता मी नांगरून मोकळा पडलोय. तुम्हाला कधी असा पिवळा, खुरटा वाफा दिसला तर बाबांनो, कीव करू नका, आधी विचारा. आणि तो प्रबंध हाती आला तर आभाराचं पान उघडा. सरांच्या नावाखाली लिहिलंय: 'हिराबाई, खरं सांगितल्याबद्दल.' ते खरं माझ्या बांधावर बोललं गेलं.